ओटू सेन्सर गेलाय का, बदलायचा का: गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात धायरीच्या बाजूला आमचं छोटं गॅरेज आहे. दर दोन-तीन दिवसांनी एक फोन ठरलेला: "चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर लावून घेतला, ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणतात. बदलून द्याल का, किती होतील?" बदलून देतो, त्यात आमचाही फायदाच आहे. पण अशा आलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सर ठणठणीत असतो आणि बिघाड दुसरीकडेच निघतो. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा इथे एकदाचं लिहून ठेवतो.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे नेमकं काय? आणि काही जण लॅम्डा म्हणतात, तो वेगळा का?

वस्तू एकच. गॅरेजमध्ये ओटू, जर्मन गाड्यांवर काम करणारे लॅम्डा म्हणतात. दिसायला जाडजूड स्पार्क प्लगसारखा, मागे वायरींची शेपटी. सायलेन्सरच्या पाइपात किंवा थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनमधून धूर जिथून बाहेर पडतो त्या नळ्यांत, आट्यांवर बसवलेला असतो. बॉशने तो बनवला आणि १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला.

आत झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या सिरॅमिकची टोपी असते. तिच्या आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितका व्होल्टेज तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त पडत असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन शिल्लक असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर ०.१ च्या आसपास. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. त्या बिंदूला व्होल्टेज ०.४५ असतो.

तो ०.४५ वर स्थिर बसत नाही, बसायलाही नको. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल जरा वाढवतो, जरा कमी करतो, पुन्हा वाढवतो. सायकल शिकणारं पोर हँडल डावीउजवीकडे हलवत सरळ रेषेत जातं, तसंच. म्हणून चांगल्या सेन्सरचा आकडा सारखा खालीवर नाचत असतो.

आणखी एक गोष्ट, जी पुढे सगळीकडे लागेल: हा सेन्सर पेट्रोल ओळखत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन कळतो.

गाडीत असे किती सेन्सर असतात?

साध्या चार सिलिंडरच्या गाडीत दोन. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (थोडक्यात कॅट, धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरमधला डबा) आधी, तो पुढचा; एक नंतर, तो मागचा. पहिल्यावर पेट्रोलचं प्रमाण ठरतं, दुसरा कॅट नीट काम करतोय का ते पाहतो. स्कॅनरवर त्यांची नावं 'बँक १ सेन्सर १' आणि 'बँक १ सेन्सर २' अशी येतात. व्ही-६ इंजिन असेल तर बँक २ सुद्धा असते, पण तशी गाडी आमच्याकडे वर्षातून एखादी येते.

सेन्सर गेल्याची लक्षणं काय?

दिवा लागतो, ॲव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो, सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिन गुरगुरतं, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त येतो, प्लग काढले तर काळे निघतात. पण हीच सगळी लक्षणं इंजेक्टर गळत असेल, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) चुकत असेल किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तरी दिसतात. नुसत्या लक्षणांवरून कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला आणखी दोन प्रश्न विचारा.

मागचा सेन्सर गेला तर मात्र बहुतेक वेळा दिव्याखेरीज काहीच जाणवत नाही.

स्कॅनरवर ओटूचा कोड आलाय. मग सेन्सर बदलायलाच हवा ना?

नाही. सगळी गफलत इथेच होते.

माझाच किस्सा सांगतो, गॅरेज सुरू करून दीड-दोन वर्षं झाली होती तेव्हाचा. एक निवृत्त शिक्षक काका गाडी घेऊन आले. कोड पी०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. मी विचार न करता नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, पैसे घेतले. चौथ्या दिवशी काका परत दारात. दिवा पुन्हा लागलेला, कोड तोच. सेन्सरच सदोष निघाला असेल म्हणून मी दुकानातून दुसरा बदलून आणला. तोही बसवला. आठवड्याने काका पुन्हा हजर, या वेळी बोलले काहीच नाहीत, नुसती किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हा कुठे मी बॅटरीच्या बाजूची वायरिंगची नळी उघडून पाहिली. आत हीटरची वायर उंदराने कुरतडून दोन-तीन तारांवर आणली होती. नळीत शेंगदाण्याची टरफलंसुद्धा होती. सोसायटीचं पार्किंग, शेजारी कचऱ्याचे डबे, अजून काय होणार! वायर जोडायला वीस मिनिटं लागली. सेन्सरचे पैसे मी काकांना परत दिले आणि त्यांच्या गाडीतून काढलेला तो मूळ सेन्सर आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

कोडचा अर्थ "हा भाग खराब आहे" असा नसतो. "या सर्किटमधून मला अपेक्षित आकडा मिळत नाही", एवढंच ईसीयू सांगत असतो. सर्किट म्हटलं की त्यात फ्यूज आला, रिले आला, वायर आली, कपलर म्हणजे वायरींचा जोड आला, अर्थिंग आलं आणि सगळ्यात शेवटी सेन्सर आला.

मग कुठला कोड आला तर कुठे बघायचं?

पी०१३५ किंवा पी०१४१ आला तर हीटर. पहिला पुढच्या सेन्सरचा, दुसरा मागच्याचा. सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आत बारा व्होल्टचा हीटर दिलेला असतो. दोन्ही कोड एकदम आले तर दोन हीटर एकाच दिवशी जळाले असं धरू नका, आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत दोघांना फ्यूज एकच असतो.

पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय, आकडा हळू हलतोय. लाखाच्या पुढे धावलेल्या गाडीत हा आला तर सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. तरी आधी मॅनिफोल्डपाशी धूर फुटत नाही ना ते बघा.

पी०१३१ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०१३२ म्हणजे जास्त. पी०१३४ म्हणजे काहीच हालचाल नाही. यांत वायर तुटलेली, बॉडीला लागलेली किंवा दुसऱ्या वायरीला चिकटलेली असू शकते.

पी०१७१ आणि पी०१७२ हे ओटूचे कोड नाहीतच, तरी लोक त्यावर सेन्सर बदलतात. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. इथे सेन्सर बिचारा खरं सांगतोय आणि मार त्यालाच.

घरच्या घरी तपासता येईल का?

येईल. पाचशे-हजारात मिळणारा ब्लूटूथ डोंगल आणि साधा मल्टिमीटर पुरतो. ओबीडीचं, म्हणजे डोंगल किंवा स्कॅनर लावायचं, सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी असतं. एक विनंती: इंजिन चालू ठेवायचं काम बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये करू नका, गाडी उघड्यावर आणा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून चांगली तापवा. मग डोंगल लावून पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज आलेखात बघा. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरलं की आलेख ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर नाचायला हवा. दहा सेकंदांत पाच-सहा फेऱ्या झाल्या तर सेन्सर तरुण आहे. ०.३ ते ०.६ मध्येच घुटमळत असेल तर म्हातारा झालाय. आता ॲक्सिलरेटर झटकन दाबा: आकडा ०.८ च्या वर जायला हवा. झटकन सोडा: पेट्रोल बंद होतं, आकडा ०.१ कडे कोसळायला हवा. या दोन झटक्यांत निम्मं कळतं.

मागच्या सेन्सरचा आकडा मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला असावा. त्याचा शांतपणा हाच कॅट जिवंत असल्याचा पुरावा.

आता हीटर. इंजिन गार असताना कपलर सोडवा. चार वायरींपैकी ज्या दोन एकाच रंगाच्या असतात त्या हीटरच्या. बॉशमध्ये बहुधा दोन पांढऱ्या, डेन्सोमध्ये दोन काळ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरकडच्या त्या दोन पिना मोजा. गाडीनुसार साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान आकडा येतो. काहीच आलं नाही, तार तुटल्यासारखं दाखवलं, तर हीटर जळाला आणि सेन्सर बदलायचा. हा एकच निर्णय असा आहे की त्यात शंकेला जागा नाही. आकडा बरोबर आला तर गाडीकडच्या कपलरवर बारा व्होल्ट येतात का ते बघा. काही गाड्यांत ते इंजिन चालू झाल्यावरच येतात, नुसती किल्ली फिरवून मोजलं तर फसाल.

दोन गोष्टी करू नका. सिग्नलच्या वायरीवर मल्टिमीटर ओहमवर लावू नका, सेन्सर बिघडू शकतो. आणि मोजण्यासाठी वायरीच्या आवरणात टाचणी खुपसू नका. आपल्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांब्याची हिरवी भुकटी होते. टाचणी घालायची तर कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने सरकवायची.

पाच वायरींचा सेन्सर असेल तर तो वाइडबँड. त्याला वरचे व्होल्टेजचे आकडे लागू नाहीत, तो स्कॅनरवर लॅम्डाच्या, म्हणजे मिश्रणाच्या प्रमाणाच्या, आकड्यातच बघावा. तिथे १ म्हणजे बरोबर.

फ्यूएल ट्रिम, फ्यूएल ट्रिम म्हणतात ते काय?

डोंगलवर सगळ्यात कामाचा आकडा हाच, आणि लोक नेमका तोच बघत नाहीत. सेन्सरचं ऐकून ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचं, लाँग टर्म म्हणजे सवयीचं. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहामध्ये असेल तर झोप घ्या.

समजा आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक २० आहे आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ४ वर येतंय. म्हणजे कुठूनतरी चोरून हवा आत येतेय: इनटेकची चिरलेली नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप, सैल क्लॅम्प. आयडलला हवा थोडीच लागते, म्हणून चोरीची हवा जास्त जाणवते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, जोर दिल्यावर अधिक २० होतंय, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर पुरवठा करत नाही. कात्रजच्या चढावर हे छान दिसतं, पण आकडे बघायला शेजारी कुणाला तरी बसवा. ज्या गाड्यांत एअरफ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर आहे, म्हणजे आपल्या बऱ्याच छोट्या गाड्या, त्यांत चोरीची हवा ट्रिमपेक्षा वाढलेल्या आयडलमध्ये आधी दिसते.

आणि आता ती मघाची गोष्ट, सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल, मिसिंग होत असेल, तर तिथली हवा न जळता धुरात येते. पेट्रोलही न जळता येतं, पण ते याला दिसत नाही. हा सांगतो "हवा जास्त आहे, पेट्रोल वाढवा". ईसीयू वाढवतो. कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट भाजून निघतो. मॅनिफोल्डला बारीक तडा असेल तेव्हाही असंच: धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. दोन-अडीचशे रुपयांचा प्लग किंवा गॅस्केट न बदलल्यामुळे हजारोंची कॅट गेलेली मी पाहिली आहे.

पावसाळ्यातच हे जास्त का होतं?

भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आठवडाभरात आमच्याकडे दोन-तीन गाड्या हमखास येतात. पुलावरून गेलेल्या नव्हेत, तुंबलेल्या रस्त्यांवरून काढलेल्या. मागच्या सेन्सरचा कपलर बऱ्याच गाड्यांत तळाशी असतो, त्यात पाणी आणि चिखल जातो. पिना हिरव्या पडतात. अशा वेळी कपलर सोडवून कोरडा केला, पिना हलक्या हाताने साफ केल्या की अनेकदा काम होतं. पण त्यात ग्रीस भरू नका, कारण पुढे वायरीच्या प्रश्नात सांगितलंय.

लाल तापलेल्या सेन्सरवर थंड पाण्याचा फवारा बसला तर आतलं सिरॅमिक तडकू शकतं. त्याला इलाज नाही. पाणी दिसलं की गाडी हळू काढा, एवढंच.

ई-२० पेट्रोलमुळे सेन्सर खराब होतो का?

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सेन्सरला इथेनॉलचं काही वाकडं नाही. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, किलोमागे ९ किलो. त्यामुळे ई-२० चं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. ई-१० वर सवय झालेल्या गाडीत ई-२० भरल्यावर लाँग टर्म ट्रिम हिशेबाने चार-साडेचार टक्क्यांनी वर सरकतं. हा बिघाड नाही. मात्र तुमची गाडी आधीच अधिक ८ वर असेल तर ई-२० ने ती काठावर जाते आणि दिवा लागतो. मग दोष पेट्रोलवर जातो.

सेन्सरचे खरे शत्रू वेगळे. शिसं, पण आपल्याकडे शिसेवालं पेट्रोल २००० सालीच बंद झालं. इंजिन ऑइल जळत असेल तर त्याची राख. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तर ते. आणि इंजिन बांधताना सढळ हाताने फासलेला साधा सिलिकॉन सीलंट, ज्याची वाफ टोकावर पांढरा थर बसवते. सीलंटच्या ट्यूबवर सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलं असतं, तोच वापरायचा.

बाहेरून सीएनजी किट बसवलंय. फरक पडतो?

पडतो, आणि दोष बहुधा किटपेक्षा फिटिंगचा असतो. काही किट ओटूच्या सिग्नल वायरीला मधेच जोड मारतात. वायर सोलली, पिळली, वर काळी टेप गुंडाळली. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात जोड हिरवा होतो. किटवाल्या गाडीला ओटूचा कोड आला की मी आधी टेप शोधतो. शिवाय सीएनजीला प्रमाण १७.२ च्या आसपास लागतं. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर पेट्रोलवर येताच ट्रिम वेडंवाकडं दिसतं. तपासणी आधी पेट्रोलवर करा, मग गॅसवर.

सेन्सर काढून पेट्रोलने, थिनरने धुतला तर?

व्हिडिओ मीही पाहिलेत. काजळी निघते, पण काजळी तशीही गाडी हायवेला तापली की जळून जाते. सिलिकॉन, राख किंवा म्हातारपण धुऊन जात नाही. उलट ब्रशने घासाल तर टोकावरचा प्लॅटिनमचा थर खरवडाल.

नवा कुठला घ्यावा? नाना पेठेत स्वस्त मिळतो म्हणतात.

नाना पेठेत सगळं मिळतं, अस्सलही आणि नक्कलही, आणि दोन्हीचं खोकं एकाच छापखान्यातून आल्यासारखं दिसतं. जाताना जुन्या सेन्सरवर कोरलेला पार्ट नंबर लिहून न्या. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये बीएस-४ आणि बीएस-६ ला सेन्सर वेगळा असतो. वायरीची लांबी आणि कपलरचा आकार दुकानातच पडताळा. कंपनीचा घ्या किंवा बॉश, डेन्सो, एनटीके यांचा, पण बिल देणाऱ्या दुकानातून. किंमत गाडीप्रमाणे दीड-दोन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंत जाते. आठशे रुपयांत 'सेम टू सेम' कुणी दिला तर तो फक्त दिसायला सेम.

जुन्या बाजारातला वापरलेला सेन्सर घेऊ नका. स्क्रू-ड्रायव्हर घ्या तिथून, हवे तितके.

स्वतः बदलायचा तर कसा?

हात चालतो आणि घाई नाही, तर नक्की करा. पुढचा सेन्सर बहुतेक वेळा बॉनेट उघडताच दिसतो, मागच्यासाठी गाडीखाली जावं लागतं. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचे. विटा म्हणजे स्टँड नव्हेत.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटंच चालवून बंद करा. धातू कोमट झाला की आटे सैलावतात, पण हात भाजत नाही. मॅनिफोल्डवर पत्र्याचं कव्हर असेल तर त्याचे १० नंबरचे बोल्ट गंजून पिठासारखे झालेले असतात, त्यांनाही तेल द्या. घाईत एक तुटला की पुढचा तासभर ड्रिल घेऊन बसावं लागतं.

बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. आधी कपलर सोडवा, मग सेन्सर. सेन्सरला २२ नंबरचा पाना लागतो. उघडा पाना घसरून कोपरे झिजवतो. वायर बाजूने निघावी म्हणून एका अंगाला चिरलेला खास सॉकेट मिळतो, तो आणा किंवा ओळखीच्या मेकॅनिककडून मागून घ्या. पहिला झटका घट्ट लागतो, 'कट्' असा आवाज येतो. सेन्सर तुटला असं वाटतं, पण तो सुटल्याचा आवाज असतो. पुढे सरळ फिरत गेला तर ठीक. कचकच करत जड फिरू लागला तर थांबा, अर्धा फेरा उलट फिरवा, पुन्हा तेल द्या, पुन्हा सोडवा. असं पुढेमागे करत काढला तर आटे वाचतात.

निघाल्यावर त्याचं टोक बघा. फिकट राखाडी, तपकिरी म्हणजे आयुष्य जगून गेला. काळीकुट्ट काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. पांढरा, दाणेदार थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट. काळा आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल पितंय. शेवटच्या तिन्हींत नवा सेन्सर बसवण्याआधी मूळ कारण काढा, नाहीतर नव्याचीही तीच गत.

नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा आधीच अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणूनचा, लेप असतो. नसेल तर आट्यांवर पातळ लावा, टोकाला बोटही नको. आधी हाताने बसवायचा, हाताने तीन-चार फेरे गेला पाहिजे. मग टॉर्क रेंचने साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरा. वायर पूर्वीच्याच क्लिपांत अडकवा. सायलेन्सरला टेकलेली वायर आठवडाभरात वितळते.

सेन्सर निघतच नाही, किंवा आटे गेले तर?

जोर लावत बसू नका. गॅसची बत्ती घेऊन तापवत तर मुळीच बसू नका, शेजारीच पेट्रोलची लाइन असते. आटे थोडे दुखावले असतील तर १८ बाय १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात. पूर्णच गेले असतील तर तो भाग लेथवाल्याकडे नेऊन आटे नव्याने बसवून घ्यावे लागतात. इथे आम्ही दीड-दोन तास घालवतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, एका स्क्रूचे एवढे पैसे?

युनिव्हर्सल सेन्सर घेऊन जुना कपलर जोडला तर? सोल्डर करू का?

जोडता येतो, पण सोल्डर नको. सेन्सरच्या आत जी स्वच्छ हवा लागते ती बऱ्याच सेन्सरांमध्ये वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. सोल्डरने त्या फटी बुजतात, कपलरमधल्या ग्रीसनेही बुजतात. श्वास कोंडला की सेन्सर चुकीचं सांगतो. खोक्यात दिलेल्या क्रिंपनेच, म्हणजे दाबून बसवायच्या नळीनेच, जोड करा.

पी०४२० आला. मागचा सेन्सर बदलला तर दिवा जाईल?

क्वचित. पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचत असेल तर तो सांगतोय की कॅट संपली. सेन्सरखाली लांब नळकांडं लावून त्याला धुरापासून लांब नेणारे 'ट्रिक' वाले इथेही आहेत. आमच्याकडे ते काम होत नाही, विचारू नका. एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जाऊन स्वच्छ हवेबद्दल बोलायचं आणि खाली उतरून सायलेन्सरमधली कॅट काढायची, हे मला जमत नाही. मात्र कॅटच्या खर्चाला हो म्हणण्याआधी दोन सेन्सरांच्या मधल्या जोडातून धूर फुटत नाही ना, हे तपासून घ्या. तेवढ्यावर सुटलेल्या गाड्या आहेत.

खराब सेन्सर तसाच ठेवून गाडी चालवली तर किती दिवस चालेल?

मागच्याचा हीटर असेल तर महिनाभर थांबलात तरी आभाळ कोसळत नाही. पुढचा असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर थांबू नका. दिवा लुकलुकत असेल तर तो मिसिंगचा इशारा आहे, गाडी बाजूला घ्या.

माझ्या स्कूटरलाही असतो का?

बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या स्कूटर-मोटरसायकलींना असतो. बहुधा एकच, छोटासा. तपासण्याची रीत तीच.

सेन्सर बदलला. कोड पुसून लगेच पीयूसी काढू का?

पीयूसीत बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतो. अडीच हजार आरपीएमवर लॅम्डा १ च्या वरखाली ०.०३ मध्ये हवा. कोड पुसला की ईसीयू शिकलेले ट्रिमही विसरतो, त्यामुळे लगेच गेलात तर चांगल्या गाडीचाही आकडा डळमळतो. आधी गाडी चालवू द्या.

डोंगलवर 'मॉनिटर' नावाचं एक पान असतं. ओटूचा, हीटरचा आणि कॅटचा मॉनिटर पूर्ण झाला आणि दिवा लागला नाही, म्हणजे दुरुस्ती खरी झाली. त्यासाठी गाडी रात्रभर गार हवी, मग सकाळी गर्दीआधी नवले पुलावरून बायपासला लागून देहूरोडच्या दिशेने साठ-सत्तरच्या एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं, आणि मधेमधे ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच सावकाश उतरू द्यायची. एका ताईंच्या गाडीचा कॅटचा मॉनिटर तीन आठवडे पूर्ण होईना. रोज फोन: "दादा, अजून नाही हो झाला." चौकशी केली तर घर ते ऑफिस तीन किलोमीटर, इंजिन धड तापतही नव्हतं. माहेर कुठे विचारलं, म्हणाल्या सासवड. म्हटलं, रविवारी जाऊन या. परतताना दिवे घाट उतरून खाली आल्या आणि तिथूनच स्क्रीनचा फोटो पाठवला, सगळ्या खुणा हिरव्या.